कारवानी कुत्रीचे भय

सोलापूरकडे ज्याला आपण कारवानी म्हणतो, तोच मुधोळचा शिकारी कुत्रा. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जोपासली. २००५ साली टपाल तिकिटावरही तिचे चित्र आले. पण अंगावर परका हात ती खपवून घेत नाही.

अशीच एक कुत्री कोणीतरी आमच्या वस्तीजवळ सोडून गेले. चांगले घर मिळेपर्यंत आम्ही ती ठेवून घेतली. ही जात मुळात सडपातळ, पण ही उपाशीच होती. हातात काठी दिसली की कडब्याच्या गंजीमागे दडे. माणूस दूर गेल्याशिवाय भाकरीला तोंड लावीत नसे.

मी घरात सांगितले, तिला बोलावू नका, डोळे रोखून पाहू नका. ठरल्या वेळी ताक-भाकरीचा काला ठेवायचा आणि पाठ करून दहा हातांवर बसायचे. दोन दिवसांनी थोडे जवळ सरकायचे. पोरांना दम निघेना. आमच्या मंडळींना मात्र छान जमले. त्या ज्वारी निवडीत बसत, कुत्री हळूच येऊन पदर हुंगे. मग हनुवटीखाली खाजवणे सुरू झाले. डोक्यावरून हात नेला की अजून दबते. हाताळू देऊ लागताच रेबीजची लस टोचून घेतली.

कोंडीत धरलेले भित्रे कुत्रे चावते, हे ध्यानात ठेवा. चावलेच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठा.

आता एक मेंढपाळ तिला न्यायला तयार आहे. तो रोज संध्याकाळी येऊन लांब बसतो. मंडळी म्हणतात, आणखी चार दिवस राहू द्या.