पायरीची कड

नवे घर पाहायला आलेला पाहुणा लादीची तारीफ करतो, भिंतींचा रंग विचारतो, खिडकीतून वारा येतो का ते पाहतो. पायरीच्या कडेकडे मात्र त्याचे लक्ष जात नाही. वस्तुतः जिन्यावरची सारी भिस्त त्या दोन-तीन बोटे रुंदीच्या कडेवरच असते. चढताना पाऊल पायरीच्या पोटात पडते. उतरताना टाच पायरीवर असते, चवडा कडेला टेकलेला असतो, आणि त्याच क्षणी अंगाचा तोल पुढे झुकलेला असतो. कड गुळगुळीत असेल, मोडकी असेल किंवा डोळ्यांना दिसतच नसेल, तर सावरायला अवधी मिळत नाही. जिन्यावरून पडलेली माणसे बहुधा उतरतानाच पडलेली असतात, ती यामुळेच.

आमच्या लहानपणी कडेची काळजी गवंडी आणि सुतार न सांगता घेत असत. शहाबादी किंवा कडप्प्याची पायरी असेल, तर दगड इंचभर पुढे काढून त्याची धार गोल करीत. पुढे घरोघर कोटा आला. त्याच्या कडेलगत मिस्त्री दोन-तीन समांतर खाचा पाडून देऊ लागले. अनवाणी तळव्याला त्या खाचा लागल्या की कड आली हे अंधारातही कळे. चाळींच्या लाकडी जिन्यांना कडेवर लोखंडी पट्टी ठोकलेली असे. फळी मधोमध झिजून खोलगट झाली, तरी पट्टी आपली जागा सोडत नसे. उपनगरी रेल्वेच्या पुलांवर पायऱ्यांच्या कडा पिवळ्या रंगाने रंगवलेल्या असतात. रोज गाडी पकडायला धावणाऱ्यांपैकी किती जणांना तो रंग आठवेल, कोण जाणे!

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे हल्ली आमच्या कांजूरमार्गात घरोघरी शिरलेली व्हायनलची फळी. पूर्वेला मिठागरे आणि पश्चिमेला पवईच्या टेकड्या, यांच्यामधली ही आमची वस्ती. जुन्या गावठाणातली बैठी घरे, नव्या उंच इमारती, आणि टेकडीच्या अंगाने चढत गेलेल्या दाटीवाटीच्या खोल्या, असे तिन्ही प्रकार आमच्या धर्मग्रामात आहेत, आणि तिन्हींकडे ही फळी पोहोचली आहे. दिसायला सागवानासारखी, पाण्याला न भिणारी, लादी न फोडता वरच्यावर बसणारी. किंमतही लाकडापेक्षा पुष्कळ कमी. तिची थोरवी आम्ही नाकारत नाही.

ही फळी म्हणजे लाकूड नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे. पीव्हीसी हा पदार्थ १८७२ साली ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नजरेस पडला. पण तो कडक आणि ठिसूळ असल्याने कित्येक वर्षे कोणाच्या उपयोगाला आला नाही. १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सेमन यांनी त्यात मऊपणा आणणारी द्रव्ये मिसळली, आणि मग त्याला वाकवता, लाटता, पसरता येऊ लागले. १९३३ सालच्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याच्या लाद्या लोकांनी पाहिल्या. आजच्या फळीत खाली पीव्हीसीचा गाभा, त्यावर लाकडाच्या रेषा छापलेला पातळ पडदा, आणि सर्वांत वर झीज सोसणारा पारदर्शक थर असतो. म्हणजे लाकूड आहे ते केवळ चित्रातले. ही गोष्ट पुढे कड घडवताना पदोपदी आडवी येते.

गेल्या पावसाळ्यात टेकडीच्या बाजूच्या एका घरी आजारी माणसाला भेटायला आम्ही गेलो होतो. तिथल्या वृद्ध मावशींचा हात प्लॅस्टरमध्ये होता. घरच्यांनी हौसेने खालच्या खोलीला आणि पोटमाळ्याच्या जिन्याला एकसारखी फळी बसवली होती. रंग सुंदर, काम नेटके. पंधरवड्याच्या आत मावशी तिसऱ्या पायरीवरून खाली आल्या. आम्ही विचारपूस केली तेव्हा त्या म्हणाल्या, “कडच दिसली नाही, फादर. सगळा जिना म्हणजे एकच फळी वाटली मला.”

ते वाक्य आमच्या मनातून जाईना. त्याला आणखी एक कारण होते. आमच्या गुरुनिवासाच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त सहकारी राहतात. त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली आहे, आणि एका डोळ्याने त्यांना अंधूक दिसते. चौदा पायऱ्या ते मनाशी मोजत उतरतात. मध्येच कोणी हाक मारली की थांबतात, आकडा विसरतात, आणि कठडा धरून पुढची पायरी पायाने चाचपतात. त्या सिमेंटच्या पायऱ्यांच्या कडा जागोजागी झिजल्या होत्या. अशातच एका कुटुंबाने आपल्या घरातून उरलेल्या व्हायनलच्या फळ्या गुरुनिवासाला देऊ केल्या. काही फिक्या राखी रंगाच्या होत्या, तर थोड्या गडद तपकिरी.

बाजारात या फळ्यांसाठी तयार कड मिळते. मिस्त्री तिला नोझिंग म्हणतात. पण ती लांब पट्ट्यांत विकली जाते, तुकड्याने नाही. शिवाय फळीचा तो रंग यायचा बंद झाला असेल, तर जुळणारी कडही मिळत नाही. दुकानदाराने आम्हांला ॲल्युमिनियमची पट्टी दाखवली. ती मजबूत असते, आणि खाचांची घेतली तर पकडही चांगली देते. कोणाला तीच लावायची असेल तर आम्ही अडवणार नाही. आमच्याकडे मात्र फळ्या आयत्या होत्या आणि खर्चाला पैसा बेताचाच होता. म्हणून कड फळीतूनच घडवायची असे ठरले. आमच्या परिचयाचे एक सुतार मिस्त्री मदतीला आले. कोकणातल्या घरांचे माळे आणि जिने करण्यात त्यांची हयात गेली आहे. प्लॅस्टिकविषयी त्यांचे मत फारसे चांगले नाही.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती फळी हातात घेऊन वाकवून पाहण्याची. व्हायनलच्या फळीच्या दोन जाती आहेत. एक लवचीक, साधारण दोन-तीन मिलिमीटर जाडीची, गोंदाने चिकटवायची. दुसरी ताठ, तिच्या गाभ्यात चुनखडीची भुकटी असते, जाडी चार ते सहा मिलिमीटर, आणि कडांना एकमेकींत अडकणारी खाच-जीभ. ही दुसरी जात वाकवली की मोडते. तिची कड करायची तर दोन तुकडे पंचेचाळीस अंशांत कापून कोपऱ्यावर जोडावे लागतात. तो कोपरा धारदार राहतो. धार मारायला घासावे, तर वरचा चित्राचा थर जाऊन खालचा पांढुरका गाभा उघडा पडतो. न घासावे, तर टाचेच्या ठोक्यांनी कपचे उडतात. ताठ फळी पायरीच्या सपाटीवर खुशाल बसवावी, पण तिची कड लाकडाची किंवा धातूचीच करावी, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. आणि खाच-जिभेची बाजू कडेवर तशीच ठेवण्याचा आळस तर मुळीच करू नये. खाली पोकळी राहते, आणि भार नेमका त्या पोकळीवर येतो.

आमच्याकडच्या फळ्या सुदैवाने लवचीक, तीन मिलिमीटरच्या निघाल्या. मिस्त्रींनी गडद फळीच्या ऐंशी मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापल्या: पन्नास मिलिमीटर पायरीवर आणि तीस खाली वळवायला. पट्टीच्या पाठीमागून, घडीच्या रेषेवर, पोलादी पट्टी धरून सुरीने दोन तिरके छेद दिले आणि मधली बारीक सळई काढून टाकली. वरचा थर जराही कापला जाता कामा नये. सारी कसोटी इथेच आहे. मग रंगारी जुना रंग उडवायला वापरतात त्या गरम हवेच्या यंत्राने घडीची जागा हळूहळू तापवली. पीव्हीसी ऐंशी अंश सेल्सिअसच्या आसपास नरम पडू लागते. गार असताना वाकवली तर घडीवर पांढरी रेघ उमटते, पुढे तिथेच चीर जाते. फार तापवली तर करपते आणि आम्लारी धूर सोडते. तो छातीला वाईट. म्हणून खिडक्या सताड उघड्या ठेवल्या होत्या. नरम झालेली पट्टी, कोपरा किंचित गोल केलेल्या लाकडी रिपेवर दाबून, पार गार होईपर्यंत मिस्त्री धरून बसले. चौदा पट्ट्यांना दोन दुपारी लागल्या. दुसऱ्या दुपारी ते स्वतःशीच पुटपुटले, “लाकूड असतं तर रंधा मारून केव्हाच मोकळा झालो असतो.”

दरम्यान आम्ही पायऱ्यांची मापे घेत होतो. जुन्या जिन्याच्या दोन पायऱ्या सारख्या नसतात. तेव्हा प्रत्येक पायरीचा पुठ्ठा वेगळा कापून त्यावर आकडा घातला. मोडक्या कडा आधी सिमेंटने भरून पूर्ण सुकू दिल्या. खाली भुसभुशीत असेल तर वरचे सगळे कौशल्य फुकट जाते.

सपाटीवर फिकी फळी आणि कडेला गडद पट्टी, अशी मांडणी केली. पट्टी फळीवर चढवली नाही, तर दोन्हींच्या कडा शेजारी-शेजारी, एका पातळीत भिडवल्या. नाहीतर तीन मिलिमीटरचा उंचवटासुद्धा चपलेला ठेच द्यायला पुरतो. खोलीच्या जमिनीवर काही फळ्या न चिकटवता नुसत्या अंथरतात, खाली फोमचा थर घालतात, आणि भिंतीलगत फुगायला थोडी जागा सोडतात. जिन्यावर हे चालत नाही. पाऊल फळीला दर वेळी पुढे रेटते, म्हणून तिथला प्रत्येक तुकडा पूर्ण चिकटलेला हवा आणि खाली फोम नको. रबरी गोंद दोन्ही अंगांना लावून, बोटाला चिकटेनासा झाला की मगच दाबायचा. एकदा चिकटला की सरकवता येत नाही. हा गोंद चटकन पेट घेतो. त्याचा डबा उघडा असताना ते गरम हवेचे यंत्र किंवा पेटती मेणबत्ती जवळ नको. काम संपल्यावर चोवीस तास जिना बंद ठेवला. निवृत्त फादरांचे जेवण वर पोहोचवण्यासाठी आम्ही खिडकीतून दोरीला पिशवी बांधली, आणि अंगणातल्या मुलांना त्या दिवशी बराच आनंद दिला.

उंचीचा हिशेबही करावा लागतो. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या घरातील पायरी १९० मिलिमीटरहून उंच आणि २५० मिलिमीटरहून अरुंद नसावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सर्व पायऱ्यांची उंची सारखी हवी. पहिल्या दोन पायऱ्यांत पाय उंची शिकतो आणि पुढे डोळ्यांना विचारत नाही. फळी केवळ पायऱ्यांवर बसवली आणि खालची-वरची जमीन तशीच ठेवली, तर तळाची पायरी फळीच्या जाडीइतकी उंच होते आणि माथ्याची तितकीच बुटकी. आमच्या तीन मिलिमीटरने फारसे बिघडत नव्हते, तरी दोन्हीकडच्या जमिनीवर जिन्यापुरती तीच फळी घातली. जाड फळी घेणाऱ्यांनी तर हे टाळूच नये.

रंगावरून मात्र गुरुनिवासात वाद झाला. कोणी म्हणाले, जिना झेब्र्यासारखा दिसतो. कोणी म्हणाले, एकाच रंगात किती शोभला असता! घरच्या फळीतून कड करण्याचे आकर्षण खरे तर हेच असते, की रंग तंतोतंत जुळतो. पण तोच जुळलेला रंग मावशींना भोवला होता. केंद्र शासनाच्या २०१६ सालच्या अडथळाविरहित बांधकामाच्या मार्गदर्शक तत्त्वांत पायरीच्या कडेला पन्नास मिलिमीटर रुंद, रंगाने उठून दिसणारी पट्टी असावी असे सांगितले आहे. आमची गडद पट्टी पन्नास मिलिमीटरची ठेवली, ती याच कारणाने. शोभेसाठी दिवाणखाना आहे. जिन्याची कड दुरून, मंद उजेडात आणि चष्म्याविना दिसली पाहिजे.

एक गोष्ट राहिली होती. व्हायनल ओले झाले की निसरडे होते, आणि आमच्याकडे चार महिने ओल्या चपला जिन्याने वर येतात. दगडासारख्या खाचा इथे पाडता येत नाहीत. चित्र फाटून गाभा दिसू लागतो आणि त्यात मळ बसतो. म्हणून कडेपासून थोडे आत खरखरीत चिकटपट्टी लावली. ती झिजते, सोलवटते, वर्ष-दोन वर्षांनी बदलावी लागेल. पण तिच्यावाचून हे काम अपुरे राहिले असते. पावसात भिजणाऱ्या बाहेरच्या जिन्याला तर ही फळी लावूच नये. ओल खालून शिरते आणि गोंद सुटतो. तिथे आपला खाचांचा कोटाच बरा.

निवृत्त फादर पहिल्यांदा खाली उतरले तेव्हा आम्ही दाराआड उभे होतो. मधल्या वळणावर ते थांबले, खाली पाहिले, आणि कठडा न सोडता उरलेल्या पायऱ्या उतरले. या वेळी ओठ हलत नव्हते. खाली आल्यावर त्यांनी विचारले, “दुपारच्या चहाची वेळ झाली का?”

टेकडीवरच्या त्या घरी मिस्त्री उरलेल्या गडद पट्ट्या घेऊन मागल्या शनिवारी जाऊन आले. तिथली फळी ताठ जातीची आहे, त्यामुळे पट्ट्या वळवता तर आल्या नाहीत. त्यांनी जुन्या सागवानी चौकटीतून अकरा कडा रंधून दिल्या, आणि त्या कामात ते आमच्या जिन्यापेक्षा अधिक रमले, असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसले. आता चर्चमधल्या गायकवृंदाच्या सज्जाचा जिना बाकी आहे. तो गोल फिरत जातो, प्रत्येक पायरी एका टोकाला निमुळती, तेव्हा पुठ्ठे पुष्कळ लागतील. वाचकांपैकी कोणाकडे मोठी रिकामी खोकी असतील, तर गुरुनिवासात आणून द्यावीत.