सहा माणसे, पाच जागा आणि दाभोळची वाट

चिपळूणच्या पुरापूर्वी आमच्या दारात दोन गाड्या होत्या. एक रोज शाळेत जायची, दुसरी सात आसनांची मोठी. सुट्टी लागली की मोठीच्या टपावर तंबू, ताडपत्री, गॅसची शेगडी, बिर्याणीचा डेग, गळ आणि चटया चढायच्या. गुहागर, वेळणेश्वर, हर्णे हे किनारे मुलांना घरच्या अंगणासारखे झाले होते.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले. आम्ही वरच्या मजल्यावर, गाड्या खाली. दोन्ही बुडाल्या. पाणी ओसरल्यावर दार उघडले तर सीटवर चिखलाचा थर बसलेला. माणसे सुखरूप राहिली, अल्हम्दुलिल्लाह. विम्याचे जे आले ते घराच्या दुरुस्तीतच संपले. व्याजाचे कर्ज काढायचे नाही, हे आमच्या घरात आधीपासून ठरलेले. दीड वर्ष पैसे साठवून एक जुनी, लहान गाडी घेतली. पेट्रोलचीच घेतली, कारण सीएनजीची टाकी डिकीतली निम्मी जागा खाते.

आता अडचण अशी की घरात आम्ही सहा जण. आम्ही दोघे, दोन मुले, अब्बा आणि अम्मी. गाडी मात्र चालकासह पाच जणांची. पहिल्या सहलीला अब्बा म्हणाले, "तुम्ही जाऊन या, माझे गुडघे दुखतात." दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी धाकटीने हळूच सांगितले, "दादाजान तर रोज फजरनंतर पुलापर्यंत चालून येतात!" आम्हाला लाज वाटली. ज्यांनी आम्हाला गळ टाकायला शिकवले, त्यांनी मुलांना जागा व्हावी म्हणून स्वतःचेच नाव कापले होते.

त्या रात्री जेवताना ठरले की जायचे तर सगळ्यांनी. जो गाडीत मावणार नाही तो एसटीने येईल, पण एकटा नाही, सोबत कुणीतरी असेल. ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे आणि बायका-मुलींना निम्मे तिकीट. अब्बा ७७ वर्षांचे. त्यांच्याबरोबर कोण बसणार यावरून मुलांचे भांडण झाले, शेवटी पाळी लावावी लागली. दोघे एसटीत गेल्यामुळे गाडीत चौघेच उरतात आणि मागची एक जागा सामानाला मिळते, हा फायदा नंतर लक्षात आला.

अशी पहिली सहल दाभोळची. अब्बा आणि धाकटी सकाळच्या एसटीने गुहागरला पोहोचले, तिथून रिक्षाने धोपाव्याला. आम्ही चौघे गाडीने. धोपाव्याच्या धक्क्यावर आम्ही पोहोचलो तेव्हा दोघे आधीच शेंगदाणे खात बसले होते. गाडी पलीकडे न्यायचीच नाही असे ठरवले. ती अलीकडे लावली आणि फेरीबोटीत पायीच चढलो.

समोर दाभोळ, डावीकडे समुद्र, खाली वाशिष्ठीची खाडी. अम्मी बराच वेळ पाण्याकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "हीच ना ती?" अब्बा म्हणाले, "हीच. इथे बघा किती शांत आहे." एवढेच बोलणे झाले.

बहमनी आणि पुढे आदिलशाही काळात दाभोळ हे कोकणातले मोठे बंदर होते. इथून अरबस्तान आणि इराणकडे जहाजे जात. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय आल्मेदा याने हे शहर लुटून जाळले. तरी गाव पुन्हा उभे राहिले. किनाऱ्याजवळची शाही मशीद त्यानंतरच्या काळातली. विजापुरी धाटणीचा घुमट, कोपऱ्यांवर मिनार. थोरल्याने वहीत चित्र काढले. शाळेत पूर आणि युद्धे शिकवताना आम्ही नुकसानच मोजतो. इथे मुलांना त्यापुढचे पान दिसले.

जोहर पढून किनाऱ्यालगत सावलीत दस्तरखान पसरला. डेग नव्हता, शेगडी नव्हती. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या कोलंबीची चटणी, उकडलेली अंडी आणि सोलकढीची बाटली. मग अब्बांनी गळ टाकला. मासा एकही लागला नाही, पण नातवंडांना गाठ मारायला आली.

लहान गाडीचे काही नियम आम्ही करून ठेवले आहेत. माणशी एकच पिशवी. जड वस्तू खाली, सीटच्या पाठीला टेकून. टपावर काही बांधायचे नाही, वाऱ्याने पेट्रोल जास्त जाते. तंबू हवा असेल तेव्हा शेगडी घरी. रस्ता खडबडीत झाला की गाडी तिथेच लावून पुढे चालत. पूर्वी ज्या वाटेने गाडी दामटायचो, तिथली करवंदे आता मुलांना सापडू लागली आहेत.

परतताना एसटीत अब्बांसोबत बसायची पाळी आमच्यापैकी एकाची होती. गुहागरहून गाडी सुटली आणि अब्बा खिडकीशी बसून एकेक गावाची जुनी ओळख सांगू लागले. चिपळूण येईपर्यंत ते थांबले नाहीत. घरी आल्यावर विचारले, "गुडघे कसे आहेत?" ते हसले आणि अम्मीला म्हणाले, "पुढच्या वेळी एसटीत तुझी पाळी."