भाभीजींचे बिल

शंकर नगरातल्या त्या घरातून पाहुणा अर्धपोटी गेला, असे कधी झालेले नाही. रायपुरात मराठी माणूस भोसल्यांच्या अमलापासून रुजलेला. हे कुटुंब मूळचे जुन्या तात्यापाऱ्यातले. 2000 साली छत्तीसगड राज्य झाले, रायपूर राजधानी झाली आणि त्यानंतर केव्हातरी त्यांनी शंकर नगरात घर केले. पत्ता बदलला, पण सासूबाईंचा आग्रह काही बदलला नाही. ‘अर्धी तरी घ्या’ म्हणत त्या पूर्ण पोळी कधी वाढतात, ते ताटावर बसलेल्यालाही कळत नाही.

याच आग्रहामुळे वहिनींची पंचाईत झाली.

वहिनी उरला आणि सिलतऱ्याच्या कारखान्यांना कामगारांचे गणवेश शिवून देतात. घरामागच्या दोन खोल्यांत नऊ मशीन आणि त्यांवर नऊ बायका. एका कंपनीकडे त्यांची चार बिले अडकली होती, एकूण तीन लाख ऐंशी हजारांची. कापडवाला थांबेल, पण दिवाळीचा पगार कसा थांबणार? कंपनीचे खरेदी अधिकारी नागपूरहून महिन्यातून एकदा येत. एकदा जेवायला बोलवावे, निवांत बोलता येईल, असे वहिनींना वाटले. आणि जेवायला बोलवायचे म्हणजे घरीच. दुसरा विचार कुणाच्या मनातही आला नाही.

सासूबाईंनी पुरणपोळीचा घाट घातला. कटाची आमटी, कुरडया, नगरीच्या दुबराज तांदळाचा वाफाळता भात. (या तांदळाला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळाले. सासूबाईंना तो लग्न होऊन आल्यापासून ठाऊक आहे.) साहेब तृप्त झाले. ‘माँजी, अब बस!’ म्हणत चौथी पोळी संपवली. निघताना वाकून सासूबाईंना नमस्कार केला. आल्या आल्या वहिनींना ‘मॅडम’ म्हणणारे गृहस्थ जाताना ‘भाभीजी’ म्हणू लागले होते. सासूच्या पाया पडलेल्या माणसाकडे थकलेले पैसे मागायचे तरी कसे? बिलांची फाइल टीव्हीवर ठेवलेली तशीच राहिली.

त्यानंतर प्रत्येक फोनला उत्तर एकच, ‘हो जाएगा भाभीजी, घर की बात है।’ मॅडमचे बिल थकवायला माणूस जरा कचरतो. भाभीजींचे बिल मात्र खुशाल पुढच्या महिन्यावर जाते.

पुढच्या खेपेला वहिनींनी हॉटेल ठरवले. घरात वादळच झाले.

‘दारी येणाऱ्याला हॉटेलात जेवू घालायचं? लोक काय म्हणतील?’

‘आई, तो पाहुणा म्हणून नाही येत. कामाला येतोय.’

‘मग मी येऊ का सोबत?’ हे यजमानांचे. वहिनींनी त्यांनाही नको म्हटले. ते बरोबर असले की सगळे बोलणे त्यांच्याकडे बघून होते आणि हिशेब सांगणारी बाई वाढपी ठरते, हा त्यांचा अनुभव होता.

या वेळी त्यांनी फोनवरच सांगून टाकले, ‘जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं बिलांबद्दल बोलायचं आहे.’ हे एक वाक्य उच्चारायला त्यांना दोन दिवस लागले. पण खरी तयारी तीच होती, बाकी सारी व्यवस्था. कुणी काय खात नाही, हेही तेव्हाच विचारून घेतले. सोबत येणारे हिशेबनीस जैन निघाले. चातुर्मास चालू होता, त्यामुळे कांदा, लसूण, बटाटा नको आणि सूर्यास्तानंतर जेवण नाही. रात्रीचा बेत ठरवला असता तर ते बिचारे पाणीही न घेता बसून राहिले असते.

आदल्या दिवशी वहिनी स्वतः हॉटेलात जाऊन आल्या. गाण्यांच्या आवाजापासून दूरचे कोपऱ्यातले टेबल सांगून ठेवले. जैन थाळी वेगळ्या भांड्यांत होते का, ते विचारले आणि आगाऊ पैसे भरले. बाई पैसे देते आहे हे दिसले की आपल्याकडे पुरुषांचे हात खिशाकडे जातात आणि टेबलावर उगाच झोंबाझोंबी होते. त्या जेवणावरच्या जीएसटीची वजावट धंद्यात मिळत नाही, हेही त्यांना माहीत होते. तो खर्च त्यांनी खर्च म्हणूनच धरला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे एक वाजता यायचे होते. वहिनी पावणेएकलाच जाऊन बसल्या. मोबाइल पर्समध्ये, फाइल खुर्चीशेजारी. ताटांच्या गर्दीत कागद काढायचा नाही, हे ठरलेले. आझाद हिंद एक्सप्रेसचा उशीर, साहेबांच्या मुलीची बारावी, पाऊस, असे बोलणे चालले. ‘आणखी एक घ्या’ हे शब्द दोनदा त्यांच्या ओठांवर आले. दोन्ही वेळा त्यांनी पाण्याचा घोट घेतला. सवय मोडायची म्हणजे सोपे नाही!

ताटे उचलली गेली, ताक आले. तेव्हा त्यांनी एकच कागद पुढे ठेवला. बिलाचा क्रमांक, माल पोचल्याची तारीख, रक्कम, उलटलेले दिवस. छोट्या उद्योगांसाठी 2006चा कायदा आहे. लेखी करार असला तरी नोंदणीकृत लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट व्याज. हे सगळे वहिनींनी वाचून ठेवले होते. वाचलेले असले की आवाज चढवावा लागत नाही. त्या कायद्याबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत. कागदावर उद्यम नोंदणीचा क्रमांक मात्र छापलेला होता.

‘हो जाएगा, भाभीजी...’

‘भाभीजी तो घर पर हूँ, सर। यहाँ आपकी सप्लायर हूँ।’

क्षणभर कुणीच बोलले नाही. मग आधी हिशेबनीस हसले. साहेबांनी चष्मा लावला, कागद ओढून घेतला आणि पहिल्यांदाच बिले नीट वाचली. दोन बिलांना गोदामाची पोच जोडलेली नव्हती. ती चूक वहिनींची. त्यांनी ती तिथल्या तिथे कबूल केली, सबब सांगितली नाही. उरलेल्या दोन बिलांची तारीख ठरली. संध्याकाळी घरी येताच त्यांनी ठरलेले सगळे चार ओळींत लिहून पाठवले आणि दुसऱ्या दिवशी पोचपावत्याही धाडल्या.

पहिल्या दोन बिलांचे पैसे अकराव्या दिवशी जमा झाले. उरलेले आणखी महिनाभराने आले, तेही दोनदा आठवण केल्यावर. नऊ जणींचा पगार दिवाळीआधी झाला, तरी त्यासाठी वहिनींना थोडे उसने घ्यावेच लागले.

हॉटेलातून परतल्या त्या दिवशी सासूबाई दारातच उभ्या होत्या. बिलांचे काय झाले, ते त्यांनी विचारलेच नाही.

‘भात कुठला होता गं?’

‘कुठला तरी बासमती असेल.’

‘दुबराज नव्हता?’ सासूबाईंनी मान हलवली. ‘मग काय जेवला असेल तो!’