लक्ष कुठे आहे?

माझी भाची अमेरिकेत घरबसल्या रात्रपाळी करते. दूरच्या इस्पितळांतल्या रोग्यांच्या डोक्यांना विसेक चकत्या डकवलेल्या असतात. त्यांतून येणारा ई.ई.जी., म्हणजे मेंदूतल्या विजेच्या रेघा, ती पडद्यावर पाहत बसते. माणसाची अशी पहिली रेघ 1924 साली जर्मनीत हान्स बर्गर यांनी टिपली. रोग्याने घास चावला तरी रेघा थयथयाट करतात. तिथे फसायचे नाही. उलट एखादा निपचित पडलेला असतो, आणि आत झटक्यांचे वादळ! ते दिसले, की लगेच परिचारिकेला फोन.

गणपतीत ती घरी आली, तेव्हा तिने पुस्तकातले एक चित्र दाखवले : सेकंदाला तीन सुळके, प्रत्येकामागे एक लाट.

"मामा, तेवढे दहाएक सेकंद मूल नुसते टक लावून बसते. हाक ऐकू येत नाही. मग काही न घडल्यासारखे पुन्हा बोलू लागते."

हातातला मोदक तसाच राहिला. चौथीतल्या एका मुलीला मी "लक्ष कुठे आहे?" म्हणून कितीदा उभी केली होती!

"तेच असेल का ग?"

"निदान डॉक्टर करतात, मामा. मी फक्त पाहते आणि कळवते."

संध्याकाळी मुलीच्या घरी गेलो. बाप ओशाळून म्हणाला, "गुरुजी, घरीही ती अशीच करते. आम्हीही मारतोच."