वीस गुणांची अक्कल

रमी शिकवणारा पहिल्यांदा सांगतो ते डाव लावायचं. दुर्री-तिर्री-पंजी नाही चालत, मधली चौकी हवी. सिक्वेन्समधली तिन्ही पानं एकाच चिन्हाची हवीत, तीन राजे मात्र वेगवेगळ्या चिन्हांचे हवेत. एक्का दुर्रीखालीही लागतो आणि राजाच्या वरही. तेरा पानांत किमान दोन सिक्वेन्स हवेत, त्यातला एक जोकरविना, म्हणजे प्युअर. हे सगळं अर्ध्या तासात येतं. त्यानंतर लोक वर्षानुवर्षं खेळतात आणि तरी गुणांच्या वहीत त्यांच्याच नावावर सगळ्यात आधी काट बसते. याचं कारण मला एकच दिसतं. रमीत जिंकणं क्वचित वाट्याला येतं, हरणं नेहमीचं असतं, आणि हरायचं कसं हे कोणी शिकवत नाही.

सहा जण बसले की प्रत्येक डावात एकाला शून्य आणि पाच जणांच्या नावावर गुण. सगळे सारखेच हुशार धरले तर सहांतले पाच डाव आपण हरणार, हे बसतानाच कबूल करावं. आमच्याकडे खेळ ‘एकशे एक’चा. गुण १०१ झाले की माणूस बाद, शेवटी उरेल तो विजयी. पान न ओढता पॅक केलं तर २० गुण, खेळायला लागून मधेच सोडलं तर ४०, आणि शेवटपर्यंत बसून दुसऱ्याने शो केला तर हातातली न लागलेली पानं मोजायची, जास्तीत जास्त ८०. आता हे आकडे एकमेकांशेजारी ठेवा. सुरुवातीलाच पाच वेळा पॅक करणारा १०० गुणांवर अजून बसलेला असतो. एका डावात ८० आणि पुढच्यात ४० घेणारा दोन डावांत उठून चहा करायला जातो.

म्हणजे खरा निर्णय पहिलं पान ओढण्याआधीच घ्यायचा असतो. तो कसा घ्यायचा, हे एक हात समोर धरून बघू. जोकर म्हणून चौकट चौकी निघाली आहे, म्हणजे सगळ्या चौक्या जोकर. आपल्याला आलेली पानं अशी: इस्पिक राजा, छक्की, सत्ती, बदाम राणी, सत्ती, किलवर गुलाम, नव्वी, दुर्री, आणि चौकट राजा, दश्शी, अठ्ठी, तिर्री, एक्का.

नवखा माणूस हा हात पाहून खूश होतो. इस्पिक छक्की-सत्ती शेजारी आहेत, दोन सत्त्या आहेत, दोन राजे आहेत. चौकट दश्शी-अठ्ठीत नव्वी आली की झालं, एक्का-तिर्रीत दुर्री आली की झालं, किलवर गुलाम-नव्वीत दश्शी आली की झालं. प्रत्येक चिन्हात काहीतरी होऊ घातलंय. असे ‘आलं की झालं’ हात सगळ्यात घातक. रद्दी हात माणूस पटकन टाकतो, आशा लावणारा हात त्याला धरून ठेवतो.

आता मोजू. छक्की-सत्तीच्या दोन्ही बाजू उघड्या आहेत, पंजी किंवा अठ्ठी. दोन कॅट असल्यामुळे अशी पानं चार. मधे खाच असलेल्या तिन्ही जोड्यांना आणि राणीची वाट बघणाऱ्या चौकट राजा-एक्क्याला प्रत्येकी एकच नेमकं पान चालतं आणि ते फक्त दोनदा असतं. एकूण बारा पानं आपल्याला प्युअर देऊ शकतात. दोन कॅट आणि दोन छापील जोकर मिळून १०६ पानं. आपली तेरा, टेबलावर निघालेला जोकर आणि उघडं पान वजा केलं तर न दिसलेली ९१. त्यातली ६५ बाकीच्या पाच जणांच्या हातात आहेत. गड्डीत उरली फक्त २६, म्हणजे प्रत्येकाला जेमतेम चार वेळा ओढता येईल, मग पडलेली पानं पुन्हा पिसायची. या चार ओढींत त्या बारांतलं एक तरी पान येण्याची शक्यता निम्म्याहून कमी आहे, आणि आलं तरी लागणार फक्त एक सिक्वेन्स. जोकरांचं म्हणाल तर सात चौक्या आणि दोन छापील असे नऊ जोकर खेळात आहेत. सरासरीने प्रत्येक हातात एक यायला हवा होता, आपल्याकडे एकही नाही. हातातल्या पानांची बेरीज १०२, म्हणजे पुरते ८०. वीस द्यावेत आणि पानं उपडी ठेवावीत.

माझ्या मोठ्या मामी हे काही मोजत नसत. गौरीच्या जागरणाला ओटीवर सतरंजी पसरली की त्या खांबाला टेकून बसत. तेरा पानं उचलून लावत, एकदा डावीकडून उजवीकडे बघत आणि ‘पॅक’ म्हणत. आम्ही म्हणायचो, “मामी, एवढ्यात? एक पान तरी ओढा!” त्यांचं उत्तर ठरलेलं असे, “वीस दिले ना? आता बघू दे कोण काय टाकतंय ते.” त्यांचा खेळ तिथून सुरू व्हायचा. कोण जोकर मिळाला की ताठ बसतो, कोण राजा-राणी शेवटपर्यंत सोडत नाही, कोण पडलेलं पान मोहाने उचलतो, हे त्या पॅक केलेल्या डावांत पाहून ठेवत. पुढच्या डावात हात चांगला आला की तीच माहिती वसूल करत.

कारण एकदा बसायचं ठरवलं की आपल्या पानांइतकंच दुसऱ्याच्या पानांकडे लक्ष द्यावं लागतं. रमीत आपला संबंध दोनच माणसांशी येतो. मागचा जे टाकतो ते आपण उचलू शकतो, आपण टाकतो ते पुढचा. बाकीच्यांचं टाकणं फक्त आठवणीत ठेवायचं. पुढच्याने इस्पिक अठ्ठी उचलली, तर इस्पिक छक्की, सत्ती, नव्वी, दश्शी आणि उरलेल्या सगळ्या अठ्ठ्या आपल्या हातात जड झाल्या असं समजावं. त्याउलट त्याने स्वतःच टाकलेलं पान दुसऱ्या कॅटमधून आपल्याकडे आलं असेल तर ते टाकायला सगळ्यात सुरक्षित. आणि मागच्याला फसवायचं असेल तर आमिष. समजा आपल्याकडे बदाम अठ्ठी-नव्वी आहे आणि दश्शी हवी आहे. हातातली किलवर दश्शी लवकर टाकावी. मागच्याला वाटतं, याला दश्श्या नकोत, आणि दोन फेऱ्यांनी त्याची बदामाची दश्शी अलगद आपल्यासमोर येते. आमिष मागच्यासाठी, सावधगिरी पुढच्यासाठी, एवढं ज्याच्या डोक्यात पक्कं बसलं तो बरा खेळतो.

पानं धरून ठेवतानाही थोडा हिशेब आहे. वरच्या हातातल्या इस्पिक छक्की-सत्तीला बदाम सत्ती जोडून बघा. इस्पिक पंजी-अठ्ठीची चार पानं आणि किलवर-चौकट सत्त्यांची चार, अशी आठ पानं या तीन पानांना चालतात. तेवढ्याच जागेत दोन राजे आणि एक सुटी राणी धरली तर राजांची चार पानं सोडून काही नाही, वर बसल्याबसल्या तीस गुण अंगावर. म्हणून पाच ते नऊची मधली पानं शेवटी सोडावीत, सुटी चित्रं आधी. दोन कॅटमधली हुबेहूब तीच दोन पानं, समजा दोन बदाम सत्त्या, ही मात्र जोडी दिसते पण जोडी नसते. तीन सत्त्यांच्या सेटमध्ये बदामाची एकच चालते.

आणि सगळ्यांत आधी प्युअर. प्युअर नसेल तर हातात तीन जोकर असोत की चार राजे, दुसऱ्याने शो केल्यावर लागलेलं-न लागलेलं सगळंच मोजलं जातं. जोकर आला की नवखा तो लगेच कुठेतरी लावून टाकतो आणि प्युअरचं राहून जातं. जोकर निवांत ठेवावा, त्याला गुण नसतात. जोकर ठरलेली चौकीसुद्धा आपल्याच चिन्हाच्या तिर्री-पंजीच्या मधे बसली तर तो सिक्वेन्स प्युअर धरतात, हे कित्येकांच्या लक्षातही येत नाही.

रमीतल्या या हिशेबाची दखल न्यायालयानेही घेतली आहे. सिकंदराबादच्या एका क्लबवर पडलेल्या धाडीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. १९६७ साली न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी त्या निकालात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. कोणती पानं पडली ते लक्षात ठेवावं लागतं आणि काय धरायचं, काय टाकायचं याला बरंच कौशल्य लागतं, अशी त्यामागची कारणं होती. तीन पत्तीला मात्र तो मान मिळाला नाही. या निकालाच्या आधारावर पुढे मोबाइलवरची पैशांची रमी फोफावली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि त्यात कौशल्याचा खेळ की नशिबाचा हा भेदच ठेवला नाही.

मला दोन्ही पटतात. न्यायालयाने सांगितलेलं कौशल्य खरंच आहे, सतरंजीवर बसलेल्या कोणालाही ते दिसतं. पण ते एका डावापुरतं चालतं. हात वाईट आहे हे पानं सांगतात. दिवस वाईट आहे हे कोणतंही पान सांगत नाही. घरच्या खेळात ते काम बाकीची माणसं करतात: कोणाला पहाटेची गाडी असते, कोणी पेंगायला लागतं, वही भरते, आणि हरणारा ‘एकच डाव’ म्हणत असतानाच कॅट डबीत जातो. फोनवर समोरचे पाच जण कधीच पेंगत नाहीत. एक उठला की दुसरा बसतो, आणि पानं पिसायलाही वेळ लागत नाही.

म्हणून आता घरात कोणी पोर शिकायला बसलं की मी त्याला सिक्वेन्स नंतर सांगतो. आधी तेरा-तेरा पानांचे हात वाटत सुटतो आणि प्रत्येक हाताला एकच प्रश्न विचारतो, खेळणार की पॅक? सुरुवातीला प्रत्येक वेळी उत्तर ‘खेळणार’ असंच येतं. वहीत त्याच्या नावाखाली ८० आणि ४० पडू लागले की उत्तरं बदलतात. आणि पॅक केल्यानंतरही ते पोर सतरंजीवर बसून राहिलं, कोण काय टाकतंय ते बघत राहिलं, की त्याला पुढचं शिकवायला हरकत नाही.