कोल्हापूरचा खुराक

कोल्हापूरची पहाट इतर गावांच्या मानाने अंमळ लवकर होते. अंबाबाईच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हारवाले अजून आलेले नसतात, चहाच्या गाड्या झाकलेल्या असतात, आणि गंगावेशीच्या बाजूच्या एखाद्या बोळातून धप् धप् असा आवाज येत असतो. नवख्याला वाटावे, इतक्या पहाटे कोण धुणे धोपटीत बसले आहे! पण तो आवाज मातीत पडणाऱ्या अंगांचा असतो. पोरे चारला उठून तालमीत उतरलेली असतात.

गेल्या उन्हाळ्यात उत्तरपत्रिका तपासण्याच्या निमित्ताने मी आठ दिवस या गावी होतो. तपासणी अकराला सुरू होई. तोवरची सकाळ माझी. शिवाय एक खासगी कारणही होते. चव्वेचाळिसाव्या वर्षी माझ्या रक्तातली साखर वेशीवर येऊन उभी राहिली, आणि आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाऐवजी दोनच ओळी लिहून दिल्या : वजने उचलणे, नीट खाणे. किती उचलायचे आणि नीट म्हणजे काय, हे त्या चिठ्ठीत मावले नसावे. आमच्या गावात आरसे लावलेली एक जिम आहे. तिथे उचलण्याचे काम उत्तम चालते. खाण्याविषयी विचारले की एक भला मोठा डबा पुढे करतात आणि त्याची किंमत सांगतात. या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली पिढ्यान्‌पिढ्या शिकवणारे गाव पाहावे, म्हणून मी तालमीची वाट धरली.

तालीम हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ शिक्षण. तेव्हा आमचे कॉलेज आणि ही मातीची खोली एकाच कुळातली, असे म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की, इथले विद्यार्थी न बोलावता पहाटे हजर असतात.

दार इतके बुटके की मान लववल्यावाचून आत जाता येत नाही. समोर शेंदूर लावलेला मारुती, भिंतीवर शाहू महाराजांची तसबीर आणि मधोमध तांबड्या मातीचा हौद. या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर घालून ती मुरवतात, त्यामुळे आत शिरताच येणारा वास धड देवळाचा नसतो, धड शेताचा नसतो. एका कोपऱ्यात लाकडी करेले, दगडी नाल, गदा आणि वरून सोडलेला जाड दोर. हल्ली त्यांच्या शेजारी लोखंडी दांडा आणि चकत्याही आल्या आहेत. मॅटवरच्या कुस्तीचा सराव आला, तशा त्या आल्या. वस्तादांना त्याचे वावडे नाही. ‘‘लोखंड काय नि दगड काय, सर, अंगाला भार कळतोय. नाव कळत न्हाई,’’ ते म्हणाले.

वजन वाढवण्याची त्यांची रीत मी तीन दिवस पाहिली. नव्या पोराच्या हाती हलकी जोडी देतात. फिरवून झाल्यावर दम किती वेळात बसतो, ते पाहतात. तो लवकर बसू लागला, खांदा वाकडा जाईनासा झाला, की मग पुढची जोडी. पोर घाई करू लागले तर वस्ताद जोडी काढून घेतात. पुस्तकात हेच दुसऱ्या शब्दांत लिहिलेले असते : भाराने स्नायूवर ताण पडतो, विश्रांतीत त्याची डागडुजी होते, आणि डागडुजीला प्रथिने लागतात. ती मिळाली तर स्नायू पहिल्यापेक्षा भक्कम होतो. मिळाली नाहीत तर नुसती झीज.

आणि इथेच मला आपल्या भाषेचे कौतुक वाटते. खाल्लेले अन्न ‘अंगी लागते’ किंवा ‘अंगी लागत नाही’, असे आपण म्हणतो. पोटात जाणे निराळे आणि अंगी लागणे निराळे, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. कोल्हापुरात तर ‘मेहनत’ म्हणजेच व्यायाम, आणि मेहनतीच्या जोडीला खुराक. यातला एक शब्द उच्चारला की दुसरा पाठोपाठ येतोच.

खुराक म्हणजे काय, ते सकाळी आठनंतर पाहावे. मेहनत संपवून, अंगावरची माती निथळवून पोरे माडीवरच्या खोल्यांत जातात. तिथे स्वयंपाकाच्या पाळ्या लावलेल्या असतात. एकजण कुंडीत बदाम, खसखस, बडीशेप, मिरी रगडून थंडाई करतो. दुसरा जोंधळ्याच्या भाकरी थापतो. कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्याचा दबदबा महाराष्ट्रभर असला, तरी पैलवान तो बेताने घेतो. त्याचा वाटा मसाला पडण्यापूर्वीच्या अळणी पाण्यात. माझ्यासारखे पाहुणे तिखटाने घाम पुसत बसतात; ज्यांच्यासाठी मटण शिजले ते अळणी पिऊन उठलेले असतात!

मी मास्तरकीच्या सवयीने हिशेब मांडला. सामान्य माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८ ग्रॅमच्या आसपास प्रथिने पुरतात. जड मेहनत करणाराला दीडपट-दुपटीपर्यंत लागतात. पंच्याहत्तर किलोच्या पोराला १२० ग्रॅम धरू. म्हशीच्या दोन लिटर दुधात ७५ ग्रॅमच्या आसपास, सहा अंड्यांत ३६. उरलेले भाकरी आणि उसळ भरून काढतात. वस्तादांचा अंदाज आणि पुस्तकाचा आकडा असे सहज जुळतात. पण त्याच दोन लिटरांत १३० ग्रॅमच्या वर स्निग्धांश असतो. हजार बैठका मारणारा तो जाळून टाकतो. खडू उचलणाराने मात्र एक पेला, तोही साय काढून, एवढ्यावर थांबावे हे बरे.

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर संध्याकाळी म्हशी उभ्या असतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात. फेसाळ धारोष्ण दूध पिणे हा इथला थाट. न उकळलेल्या दुधातून रोगजंतू जातात, म्हणून मी ते खोलीवर नेऊन उकळून प्यालो. गवळ्याने माझ्याकडे पाहिले ते एखाद्या परदेशी पाहुण्याकडे पाहावे तसे.

तिथेच एक निवृत्त पैलवान भेटले. साठी उलटलेली, कान कुस्तीने चुरगाळलेले, पोट पुढे आलेले. ‘‘कुस्ती सुटली, सर, खुराक सुटला न्हाई. जिभेला कोन सांगनार? धा वर्सांत साखर झाली, गुडघं गेलं.’’ आता ते रोज रंकाळ्यापर्यंत चालत जातात, खुर्चीला धरून बैठका काढतात आणि दुधाऐवजी ताक पितात. साखर आटोक्यात आली आहे. कट्ट्यावर येतात ते केवळ गप्पांसाठी. या गावात असे कैक पैलवान असतील. त्यांच्या कुस्त्यांची वर्णने छापून येतात. कुस्ती सुटल्यानंतर कसे जेवावे, हे त्यांना कुणी शिकवत नाही.

शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले आणि त्यांनी मल्लांच्या खुराकाची सोय दरबारातून केली. १९१२ साली खासबागेचे मैदान तयार झाले. संस्थान गेले, पण खुराकाचा खर्च गेला नाही. तो शेतकरी बापाच्या अंगावर येऊन पडला. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला निघाले, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणून दिले, ते ५७ किलोच्या गटात. अंग फुगवण्यासाठी सुया टोचून घेणाऱ्या पोरांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

सहाव्या दिवशी तालमीत थोडी गडबड दिसली. राधानगरीकडच्या एका सतरा वर्षांच्या पोराला वस्तादांनी निम्मे जोर काढून थांबवले होते. पोर हिरमुसून भिंतीशी उभे. गावाकडून त्याच्यासाठी रोज एस.टी.ने दुधाचा डबा येई. आठवड्यापूर्वी म्हैस आटली आणि डबा निम्मा येऊ लागला.

‘‘मी जोर पुरं काढतो, वस्ताद. मैदान म्हैन्यावर आलंय.’’

‘‘खायाला निम्मं, तर मेहनत निम्मी. बाकीची कुठनं आननार? हाडातनं?’’

मी म्हणालो, ‘‘वस्ताद, अशाने तो मागे पडेल.’’

‘‘पडू दे की, सर. मागं पडलेला म्होरं येतोय. झिजलेला येत न्हाई.’’

मग त्यांनी दुसऱ्या दोन पोरांना हाक मारली आणि आजपासून याला आपल्यातला एकेक पेला द्यायचा, असे सांगितले. त्या दोघांच्या चेहऱ्यावर फारसा आनंद दिसला नाही. त्यांचेही मैदान महिन्यावरच होते. पण संध्याकाळी दोन पेले त्या खोलीवर पोचले, हे मी पाहिले.

परतीच्या दिवशी मी मध्यवर्ती बसस्थानकावर उभा होतो. राधानगरीची गाडी लागली. कंडक्टरने खिडकीतून डबे खाली द्यायला सुरुवात केली, आणि डझनभर पोरांत तोही पुढे झाला. डबा हातात येताच त्याने तो कानाशी नेऊन हलवला, झाकण उघडून आत पाहिले. दूध गळ्याशी नव्हते; पण अर्ध्याच्या बरेच वर होते. ‘‘आन्नानं शेजाऱ्याकडनं घातलं असनार,’’ तो मला म्हणाला आणि डबा सांडू नये अशा बेताने, लांब ढांगा टाकत तालमीकडे निघाला.