दाराच्या पोकळीतली खरखर

मोटारीच्या दारात नवा स्पीकर बसवल्यावर ऐकू येणारी खरखर बहुतेक वेळा स्पीकरची नसून दाराची असते. बाहेरून दार कितीही भरीव भासले, तरी आतून ती दोन पत्र्यांमधली पोकळी असते, आणि त्या पोकळीत काच वरखाली नेणारी यंत्रणा, कुलपाच्या सळ्या, वायरींचे जुडगे आणि काचेलगतच्या रबरातून झिरपलेल्या पावसाच्या पाण्याची वाट, असे सगळे दाटीने नांदत असते. दारातला स्पीकर स्वतःची पेटी घेऊन येत नाही. ही पोकळीच त्याची पेटी होते.

१९२५ साली अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी मांडलेली रचना आजही स्पीकरच्या मुळाशी आहे : लोहचुंबकाच्या अरुंद फटीत तारेचे वेटोळे, म्हणजे व्हॉइस कॉइल, विद्युतप्रवाहाच्या चढउताराप्रमाणे पुढेमागे हलते आणि त्याला चिकटवलेला शंकू हवेला ढकलतो. मात्र शंकूच्या पुढच्या अंगाने प्रवाशांकडे जेवढा नाद जातो, तेवढाच मागच्या अंगाने दाराच्या पोटात शिरतो. जुन्या, फाटत आलेल्या शंकूला खर्जातले स्वर पेलत नव्हते, म्हणून पोकळीतला सैलपणा वर्षानुवर्षे निवांत पडून होता. नवा स्पीकर तो खर्ज पुरा उचलतो आणि जे जे सैल आहे त्याला बोलते करतो.

या बोलण्यामागचे भौतिकशास्त्र महाराष्ट्राला परके नाही. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा घासून असा किंचित उतरता करतात की कंप पावणारी तार त्याला निसटती शिवत राहते, आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून तो स्पर्श नेमक्या जागी आणला जातो. या जवारीमुळे मूळ स्वराच्या पटींत कंप पावणारे वरचे सूक्ष्म स्वर, म्हणजे उपस्वर, झंकारून उठतात. दाराच्या पॅडची सैल क्लिप पत्र्याला शिवते तेव्हाही कंप पावणारी वस्तू दुसरीला निसटती स्पर्शत असते. पण तिथे स्पर्श कोणी जुळवलेला नसल्यामुळे झंकाराऐवजी खरखर पदरी पडते.

म्हणून शोधाची सुरुवात पेचकसाने नव्हे, तर कानाने आणि तळहाताने करावी. २० ते २०० हर्ट्झपर्यंत संथपणे चढत जाणारा एकच शुद्ध स्वर मोबाइलवरून वाजवला, तर खरखर ठरावीक कंपनसंख्येला उठते आणि ती ओलांडताच विरते. त्या जागी स्वर थांबवून पॅडवर ठिकठिकाणी तळहात दाबत गेले आणि एखाद्या जागी आवाज बसला, तर तिथली क्लिप तुटलेली किंवा भोकात नीट न बसलेली असण्याचा संभव मोठा असतो. दाबूनही तो थांबत नसेल तर कारण आत आहे. पॅडमागे काळ्या चिकट पट्टीने डकवलेला प्लॅस्टिकचा पडदा पाणी आत येऊ देत नाही. घाईत तो ओढून फाडला जातो आणि त्याचा सुटलेला कोपरा प्रत्येक ठेक्याला फडफडतो. (हा पडदा निरुपयोगी समजून फेकून देण्याची सवय खरोखर दुःखद आहे, कारण तिचे परिणाम पुढच्या पावसाळ्यात ओल्या गालिच्यावर दिसतात.) मोकळा लोंबणारा कपलर, तळाशी पडलेला स्क्रू, किंवा खाली आलेल्या काचेला घासणारा जाड चुंबक हेही तिथेच सापडतात.

इंजिन चालू असतानाच ऐकू येणारी आणि ॲक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी शिट्टी मात्र निराळ्या कुळातली असते. ती अल्टरनेटरची, म्हणजे बॅटरी भारित करणाऱ्या जनित्राची असते आणि सदोष अर्थिंगमधून वाट काढते, तेव्हा तिच्यासाठी दार उघडून उपयोग नाही. दोन दारांच्या वायरी परस्परविरुद्ध जोडल्या गेल्या, तर खरखर होतच नाही, उलट खर्ज नाहीसा होतो, कारण एक शंकू पुढे येताना दुसरा मागे जातो. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून शंकू कोणत्या बाजूला उडी घेतो हे पाहिले की उलगडा होतो.

खुद्द स्पीकरवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा. आवाज बंद ठेवून शंकू दोन्ही अंगठ्यांनी समान दाबाने हलकेच आत नेला असता वाळू घासल्यासारखे जाणवले, तर व्हॉइस कॉइल फटीच्या भिंतीला लागते आहे. पत्र्याला नवी भोके पाडताना उडालेला लोखंडी कीस चुंबकाने ओढून घेतला असेल, तर तो स्पीकर बहुधा वाया गेला. परंतु पुष्कळदा एकच स्क्रू आधी पुरता आवळल्यामुळे स्पीकरचा पातळ सांगाडा पिळलेला असतो. चारही स्क्रू सैल करून ते समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळत नेले, की वेटोळे पुन्हा फटीच्या मध्यावर येते.